शिकारी जनावर आणि आमचं व्रत



मुलाच्या हट्टापायी नेसरीतल्या आमच्या घरी डॅशहंड आला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शिकारी जनावर पाळणं श्रावकाला शोभत नाही." त्यांचं खोटं नव्हतं. बिळात शिरून बिज्जू हुसकावण्यासाठीच जर्मनीत ही जात तयार झाली. आखूड पाय, लांब पाठ, खणायची भारी हौस.

दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमा. त्याच सकाळी त्यानं परसात माती उकरून उंदीर मारला. मी काठी उगारली. सासूबाईंनीच माझा हात धरला. "व्रत त्यानं घेतलंय का तू? त्यानं स्वभाव पाळला. तुझी क्षमा कुठं गेली?"

संध्याकाळी त्यांनी मुलाला जीवंधरकुमारांची कथा सांगितली. मरणाऱ्या कुत्र्याच्या कानी णमोकार मंत्र पडला आणि त्याला देवगती मिळाली.

तेव्हापासून काळजी आमची. परसात तो पट्टा बांधूनच जातो. उंदीर येऊ नयेत म्हणून धान्य झाकणाच्या डब्यात ठेवतो. लांब पाठीच्या मणक्याला इजा होऊ नये म्हणून जिन्यावरून उड्या मारू देत नाही. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी, ते आमच्या घरात नाहीतच!

आता सूर्यास्ताआधी त्याची थाळी सासूबाईच वाढतात. आधी णमोकार म्हणतात, मग वाढतात.