प्रार्थनेचे विषय

आमच्या दापोडीत घरसभा संपत आली की कोणीतरी वही उघडतं आणि विचारतं, "विषय सांगा." तोवर गाणी झालेली असतात, वचन वाचून त्यावर चार शब्द बोलून झालेले असतात. आता ज्याने त्याने आपल्या मनातलं सांगायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. नव्याने आलेल्याला हा कार्यक्रमाचा शेवटचा भाग वाटतो. मला विचाराल तर आमच्या श्रद्धेतला सगळ्यात जिवंत भाग तोच आहे.

काय काय येतं त्या वहीत! मुलाला चाकणच्या कंपनीत ब्रेक दिलाय, परत घेतील की नाही. सोनोग्राफीत गाठ दिसली, रिपोर्ट शुक्रवारी. घराचे हप्ते थकलेत, बँकेचा माणूस दारात येऊन गेला. धरणाचं पाणी सोडणार म्हणतात आणि आमची खोली नदीच्या अंगाला. मुळा आणि पवना आमच्याकडेच एकमेकींना मिळतात, त्यामुळे वर मुळशीला आणि मावळात पाऊस लागला की इथल्या सखल वस्तीत माणसं सामान उंचावर ठेवून जागी बसतात. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा दापोडीच्या वर्कशॉपच्या आधाराने उभ्या असलेल्या या भागात एकच विषय पुन्हा पुन्हा यायचा: किराणा.

मनात असते तोवर काळजीला हद्द नसते. रात्री दोन वाजता ती मुलाच्या ब्रेकपासून निघते आणि पहाटेपर्यंत मुलीचं लग्न, आपलं म्हातारपण, सगळं पालथं घालून येते. चारचौघांत बोलायची वेळ आली की मात्र तिचं एक वाक्य करावं लागतं. सात महिने झाले, ब्रेक मिळाला, पुढच्या महिन्यात ठेकेदाराला भेटायचंय. एवढंच घडलेलं असतं. बाकीचं अजून घडलेलं नसतं, हे बोलणाऱ्याच्याच ध्यानात येतं. मग कोपऱ्यातून कोणीतरी म्हणतं, "हा विषय मी घेते." ही पद्धत मला फार मोलाची वाटते. आपल्या काळजीची प्रार्थना आपण करायची नाही, ती दुसऱ्याने करायची. ज्या गोष्टीने आपला घसा दाटून येतो ती दुसऱ्या माणसाच्या तोंडून देवापुढे स्पष्ट, सरळ मांडली जाताना ऐकायची. भीती त्या क्षणी जाते असं नाही. पण ती आता एकट्याची राहिलेली नसते.

म्हणूनच, काळजी वाटते म्हणजे विश्वास कमी पडतो, असं कोणी सांगू लागलं की मला राग येतो. रिपोर्टची वाट पाहणाऱ्या बाईला हे ऐकवून काय मिळतं? काळजी तर जात नाहीच, वर अपराधीपणाची भर पडते. असं सांगणारे मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायाचा आधार घेतात, पाखरांचा आणि रानातल्या फुलांचा. तो अध्याय त्यांनी पुन्हा वाचावा. येशू ते ज्यांच्यापुढे बोलला त्यांत रोजंदारीवर जगणारी माणसं होती, आणि उद्या संकट येणारच नाही असं तो त्यांना सांगत नाही. आजचा त्रास आजच्याला पुरेसा आहे, हे तो मान्य करतो. त्याच अध्यायात तो प्रार्थना शिकवतो आणि भाकर मागायला लावतो ती आजच्या दिवसाची. रानात इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना ज्यांनी उद्यासाठी साठवून ठेवला, त्यात सकाळी किडे पडले होते. मजूर नाक्यावर उभं राहणाऱ्याला हा हिशेब शिकवावा लागत नाही. महिन्याच्या पगाराची सवय झालेल्या आम्हालाच तो अवघड जातो, कारण पुढच्या वीस वर्षांची भीती आम्ही आजच अंगावर घेतो आणि आजच्या दिवसाला मिळालेलं बळ तिच्यावर खर्चून बसतो.

स्तोत्रसंहितेत तर भ्यालेल्या माणसांची रांगच आहे. स्तोत्रकर्ता रडतो, देवाला जाब विचारतो, शत्रूंची नावं घेतो. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, तिथे दिलाशाची ओळही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

स्तोत्रांचा विषय निघाला की मला आमच्या दापोडीत मरण पावलेला एक माणूस आठवतो. मुंबईचं ग्रँट रोड स्टेशन आणि ग्रँट मेडिकल कॉलेज ज्याच्या नावाने ओळखली जातात, तो गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट. त्या काळी गव्हर्नरांचा पावसाळ्यातला मुक्काम दापोडीच्या बंगल्यात असे, आणि तिथेच ९ जुलै १८३८ रोजी त्याचा मृत्यू झाला. जगभरच्या चर्चमध्ये आजही गायलं जाणारं एक इंग्रजी गीत त्याचं आहे. १०४ व्या स्तोत्रावर रचलेलं, देवाच्या वैभवाचं, सृष्टी सांभाळणाऱ्या त्याच्या हाताचं. ते १८३३ चं. पण त्याच्या कितीतरी आधी, १८१५ मध्ये, त्याने दुसरं एक गीत लिहिलं होतं. त्यात स्तुती नाही, नुसती विनवणी आहे. येशूच्या भुकेची, अश्रूंची, यातनांची आठवण देऊन देवाला घातलेली हाक. राजकारणातला वजनदार माणूस, पुढे एका इलाख्याचा गव्हर्नर, आणि त्यालाही धुळीत बसून हाक मारावीशी वाटली. स्तुतीचं गीत फार प्रसिद्ध झालं. मला दुसरं जवळचं वाटतं. आधी विनवणी, मग स्तुती, हा क्रम मला खरा वाटतो.

एलीया संदेष्ट्याचीही गोष्ट अशीच. ईजबेल राणीच्या धमकीने तो जीव घेऊन पळाला, रानात एका झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर. छातीत धडधड होते, झोप उडाली आहे, जेवण जात नाही, असं कोणी सांगितलं की आमच्या महिला मंडळात आता आधी डॉक्टरांकडे गेलात का हे विचारतात. लूक वैद्य होता, हे पौलाच्या पत्रातच आहे. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, ही समजूत आमच्यातून लवकर जावी.

भीतीवर मात म्हणजे काय, हे पाहायला मला लांब जावं लागत नाही. दौंडच्या वाटेवर केडगाव आहे. पंडिता रमाबाई सोळा वर्षांच्या आसपास होत्या तेव्हा दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले, पाठोपाठ बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं अनवाणी देशभर फिरली. भूक म्हणजे काय ते त्यांना कोणाकडून ऐकायचं नव्हतं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. पुण्यात बसून वर्गणी पाठवता आली असती. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, रस्त्याकडेला पडलेल्या मुली, विधवा गोळा करून घेऊन आल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. ज्या गोष्टीने आपलं घर संपवलं तिच्या तोंडात पुन्हा पाऊल टाकायचं! त्यांना भीती वाटली नसेल असं मी म्हणणार नाही. दुष्काळ पाहिलेल्या बाईला दुष्काळाची भीती वाटणारच. पण त्या भीतीने त्यांना मागे ओढलं नाही, उलट कोणाला काय लागेल हे त्यांना त्याच अनुभवाने कळत होतं. विश्वासाने भीतीचं असंही काही होऊ शकतं, हे मी केडगावच्या त्या आवारात उभी राहून मनाशी पक्कं केलं.

आणि लक्ष्मीबाई टिळक. १९१७ मध्ये त्यांच्या पतीने, नारायण वामन टिळकांनी, मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. पगार गेला. टिळकांच्या विश्वासाचं कौतुक सगळे करतात, मीही करते. पण संन्यास घेतलेल्या माणसाच्या घरातही चूल असते. उद्याची काळजी करू नका या वचनामागे आज पीठ चाळणारं कोणीतरी असतं, आणि त्या माणसाचाही विश्वास तेवढाच मोठा असतो. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे बहुतेक सगळे अध्याय लिहिले.

सगळ्यांत जास्त धीर मला येतो तो गेथशेमाने बागेतल्या रात्रीने. ज्याने वादळात नावेतल्या शिष्यांना भिता का म्हणून विचारलं, तोच इथे व्याकूळ झालेला दिसतो. हा प्याला टळेल का, असं तो पित्याला विचारतो, एकदा नव्हे, तीनदा. आणि सोबत नेलेल्या तिघांकडे त्याचं मागणं फार साधं असतं: माझ्याबरोबर जागे राहा. त्यांना झोप लागते. देवाच्या पुत्राला त्या रात्री माणसांची सोबत हवी होती, हे वाचल्यापासून मला माझ्या भीतीची लाज वाटत नाही. आणि दुसऱ्याच्या भीतीपुढे काय बोलावं हे सुचलं नाही तरी चालतं, हेही त्यातूनच कळलं. त्या तिघांकडून तर बोलणं मागितलंच नव्हतं.

गाठीचा विषय ज्यांनी सांगितला होता त्यांचा रिपोर्ट आला आहे. ऑपरेशन सोमवारी. बायकांच्या वॉर्डात रात्री एकाच बाईला थांबू देतात, म्हणून परवाच्या घरसभेत वहीच्या मागच्या पानावर पाळ्या लावल्या. सोमवारी त्यांची जाऊ, बुधवारी पाळकबाई. मंगळवारची रात्र माझ्याकडे आहे.