भुक्या आणि राठोड

शनिवारी पोहरादेवीला जाऊन आलो. हौसेने नाही, जीव मुठीत धरून. सोबत हैदराबादची मैत्रीण होती, आणि घरचे तिला पहिल्यांदाच भेटणार होते.

तिचं आडनाव भुक्या. पुण्यात कुणी ऐकलेलं नसतं, ऑफिसात नव्या माणसाला दोनदा सांगावं लागतं. माझं राठोड, त्याला कोण विचारतो! दोघंही बंजारा, त्यामुळे जातीपुरता तरी मी निर्धास्त होतो...

सेवालाल महाराजांच्या समाधीचं दर्शन झालं. (महाराजांचा जन्म १७३९ चा, आंध्रात गुत्तीजवळ. समाधी इथे, वाशिम जिल्ह्यात. आमची भटकंती केवढी ते बघा.) बाहेर आजीने तिला जवळ बसवून आडनाव विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, भुक्या म्हणजे राठोडच की. बहीण लागते तुझी."

घ्या!

तर भानगड अशी. आमचे पूर्वज बैलांवर मीठ, धान्य लादून देशभर फिरायचे. रेल्वे आली, धंदा बसला, आणि तांडे जागोजाग स्थिरावले. तेलंगणातल्यांनी भुक्या, वडत्या, झरपला अशी कुळाची नावं लावली. त्याच कुळांचे लोक इकडे राठोड, जाधव, पवार झाले. त्यातही पुसदकडचे वसंतराव नाईक (मुख्यमंत्री, १९६३ ते १९७५) मूळ राठोडच. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात, ते पदच आडनाव होऊन बसलं.

कागदावर ती अनुसूचित जमातीची, मी विमुक्त जातीचा. कर्नाटकात जन्मलो असतो तर अनुसूचित जातीत गेलो असतो. सरकारी डेटाबेसात आम्ही दोन वेगळ्या टेबलांत; आजीच्या डोक्यात प्रायमरी की एकच :)

एका गोतात लग्न नाही, यावर आजी ठाम. बाबा हळूच म्हणाले, "निदान पाडा तरी विचारून घेऊ." पाडा म्हणजे गोताची पोटशाखा. तिला माहीत नव्हता. वडिलांना फोन लावला, त्यांनाही नाही. म्हणाले, गावी आईला विचारून कळवतो.

दिग्रसपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. तिथे चहा घेताना तिने विचारलं, "यंदा राखी कधी आहे रे?"

हसावं की रडावं कळेना. तिच्या वडिलांचा फोन अजून यायचाय.