नासर यांना हिटलर ठरवताना

राजकीय वादात प्रतिपक्षाला इतिहासातील एखाद्या महापातक्याच्या पंगतीला बसवले की त्याची बदनामी होते हे खरेच. पण त्याहून मोठी कोंडी तुलना करणाऱ्याची होते, आणि ती १९५६ च्या सुवेझ प्रकरणाइतकी स्वच्छ क्वचितच दिसते. २६ जुलै रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुवेझ कालवा कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. भागधारकांना भरपाई देण्याचे त्यांनी जाहीर केले, आणि कालव्यातील जहाजांची ये-जाही चालूच राहिली. तरी ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांना त्यांच्यात हिटलर-मुसोलिनी दिसले. तसे दिसण्याला कारणही होते. मुसोलिनीशी जुळवून घेण्याच्या प्रश्नावर तेव्हाचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्याशी मतभेद होऊन ईडन यांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये परराष्ट्रमंत्रिपद सोडले होते, आणि त्याच सप्टेंबरात म्युनिक येथे चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा प्रदेश हिटलरच्या पदरात टाकणारा करार झाला. सवलती देऊन आक्रमकाला शांत करू पाहणारे हे अनुनयाचे धोरण पुढल्याच वर्षी फसले.

मात्र १९३८ चा जर्मनी ही युरोपातली बलाढ्य लष्करी सत्ता होती, तर इजिप्तच्या भूमीवरून शेवटचे ब्रिटिश सैनिक जून १९५६ मध्ये कुठे बाहेर पडले होते. हा फरक डोळ्यांआड झाला आणि वाटाघाट म्हणजे दुसरे म्युनिक असे समीकरण बसले, त्यामुळे तडजोडीचा प्रत्येक प्रस्ताव भ्याडपणाचा भासू लागला. ऑक्टोबरात फ्रान्स व इस्रायल यांच्याशी सेव्र येथे गुप्त संगनमत झाले आणि हल्ला झाला. इजिप्तने जहाजे बुडवून कालवा अडवला, म्हणजे जो मार्ग सुरक्षित राखायचा तोच युद्धाने बंद पाडला. अमेरिकेने पौंड सावरायला मदत नाकारली, ६ नोव्हेंबरला युद्धबंदी मान्य करावी लागली, आणि जानेवारी १९५७ मध्ये ईडन पायउतार झाले. १९३८ च्या ज्या राजीनाम्याने त्यांना कीर्ती दिली, त्याच्याच आठवणीने त्यांचा घात केला.

या तुलनेचा मोह केवळ सत्ताधाऱ्यांना पडला नव्हता. विरोधी मजूर पक्षाचे नेते ह्यू गेट्सकेल यांनी २ ऑगस्टला संसदेत हाच दाखला दिला होता. बळाचा वापर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेला धरूनच व्हावा, असा इशाराही त्याच भाषणात होता. पुढे त्यांनी युद्धाला कडाडून विरोध केला, तेव्हा सरकार पक्षाला त्या भाषणातला हिटलर तेवढा आठवत होता.