वर्षभर कविता, आणि आईची वाचा

गेल्या वर्षी महिन्याला एक कवितासंग्रह वाचायचा असं ठरवलं. कारण साधं होतं. कादंबरी हातात घेतली की अर्धी रात्र जाते आणि सकाळी नऊला ओपीडी असते. कविता दोन पानांत संपते.

जानेवारीत कुसुमाग्रजांचा 'विशाखा', मग नारायण सुर्वे यांचं 'माझे विद्यापीठ'. मर्ढेकरांना दोन महिने लागले. एकेक कविता तीनदा वाचावी लागायची. डॉक्टरची खोड अशी की कवी कशाने गेला हे आधी पाहायचं. केशवसुत १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले. गडकरी १९१९ मध्ये क्षयाने, वय अवघं तेहेतीस. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली, आणि ते या दोन्ही आजारांवर चालतं!

जुलैमध्ये आईला पक्षाघात झाला. वय एक्क्याऐंशी. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं थांबलं. साडेचार तासांच्या आत रुग्णालयात पोहोचलो, म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं. (तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं यांपैकी एक जरी अचानक दिसलं तरी 'सकाळी बघू' म्हणू नका.) हातात हळूहळू जोर आला. वाचा मात्र आली नाही. तिला सगळं कळायचं, पण तोंडातून फक्त 'हो, हो' निघायचं आणि मग ती चिडून भिंतीकडे तोंड करायची. याला वाचाघात म्हणतात.

ऑगस्टमध्ये बहिणाबाईंची पाळी होती. आईचं माहेर जळगावकडचं, त्यामुळे ही बोली तिच्या घरातलीच. पलंगाशेजारी बसून मोठ्याने वाचत होतो. एका ओळीशी थांबलो, तर पुढची ओळ आईने म्हटली. मग पूर्ण कडवं, चालीसकट! सांभाळायला येणाऱ्या ताई स्वयंपाकघरातून धावत आल्या, "डॉक्टर, आजी बोलल्या!"

दुसऱ्या दिवशी तिला पाणी हवं होतं. 'पाणी' हा शब्द काही आला नाही.

असं का होतं ते सांगतो, कारण अनेक घरांत यावरून आधी आशा आणि मग रागावणं सुरू होतं: 'आरती म्हणता येते, मग आमच्याशी का बोलत नाही?' विचार करून शब्द शोधणं आणि वाक्य जुळवणं, हे काम बहुतेकांमध्ये मेंदूचा डावा भाग करतो. लहानपणापासून पाठ असलेलं गाणं, श्लोक, आकडे हे एका साखळीसारखे आपोआप येतात. त्यात, विशेषतः चालीत, उजव्या भागाचाही मोठा वाटा असतो. डावीकडे इजा झाली तरी ती साखळी शाबूत राहू शकते. म्हणून कडवं आलं म्हणजे आजार बरा झाला असं नाही, आणि पाणी मागता येत नाही म्हणजे माणूस हट्ट करतोय असंही नाही.

पण या साखळीचा उपयोग होतो. आमच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी 'पाणी दे', 'बस इथे' अशी छोटी वाक्यं चालीत म्हणायला लावली, डाव्या हाताने ताल धरून. तीन महिन्यांनी आईने 'पाणी' मागितलं, गाऊनच. आता दहा-बारा शब्द येतात. याहून किती येतील ते मी सांगू शकत नाही, आणि कवितेने वाचा येते असं तर मुळीच म्हणणार नाही. थेरपी रोज करावी लागते आणि ती कंटाळवाणी असते.

घरच्यांनी मोठ्याने ओरडू नये. कान चांगले असतात. 'हो-नाही'त उत्तर देता येईल असं विचारावं आणि थांबावं. शब्द आपण पुरवण्याची घाई सगळ्यांनाच होते.

वर्षाअखेर संग्रह झाले नऊ. सध्या इंदिरा संतांचा 'शेला' चालू आहे. त्यातलं आईला काहीच पाठ नाही, त्यामुळे ती नुसती ऐकते. एखादी कविता आवडली नाही की डाव्या हाताने पान उलटायची खूण करते.