आडवी बुलेट

बुलेट पडते ती बहुधा उभी असताना. पंपावर पेट्रोल भरून वळताना, घराच्या फाटकातून बाहेर काढताना, किंवा घाटात फोटोसाठी थांबलो, पाय टेकवायला गेलो आणि जमीन चार बोटं खाली निघाली की. पावसाळ्यात साइड स्टँड मऊ मातीत हळूहळू रुतत जातो आणि चहा संपेपर्यंत गाडी कडेच्या टाकळ्यात आडवी झालेली असते. कोकणात देवळापुढच्या चिऱ्यांवर हिरवं शेवाळ धरलेलं असतं. तिथे तर नुसता बूट सरकायचा अवकाश. वेगात असताना गाडी स्वतःला सावरत असते, आपल्याला तिचं वजन जाणवतही नाही. वेग संपला की ते सगळं वजन एका पायाच्या हवाली होतं, आणि तो पाय जागेवर नसला तर संपलंच.

वजन म्हणजे किती? अ‍ॅक्टिव्हा साधारण १०६ किलो, स्प्लेंडर ११२. क्लासिक ३५० मात्र १९५ किलोंची. वर टाकी भरलेली, मागे सॅडलबॅगा, कोणाकोणाच्या गाडीला लोखंडी कॅरियर. ही गाडी एका हद्दीपलीकडे कलली की तिला हाताने धरून ठेवायचा हट्ट करू नये. हॅण्डल सोडावं, पाय बाहेर घ्यावा आणि तिला जाऊ द्यावं. लेगगार्ड त्यासाठीच असतो. वाकलेला क्लच लिव्हर थोड्या पैशात बदलून मिळतो, गुडघा मिळत नाही.

मग येतं ते पहिलं अर्धं मिनिट. सगळं बिघडतं ते याच वेळात. लोक बघताहेत, मागून एसटीचा हॉर्न वाजतोय, कान तापलेत, आणि माणूस तसाच वाकून दोन्ही हातांनी हॅण्डल ओढायला लागतो. टपरीवरून चारजण धावत येतात. मन चांगलं असतं त्यांचं, पण एक हॅण्डल ओढतो, दुसरा इंडिकेटर धरतो, तिसऱ्याचा हात तापलेल्या सायलेन्सरवर पडतो आणि प्रत्येकाचा जोर वेगवेगळ्या क्षणी लागतो. अशा ओढाओढीत गाडी अर्ध्यावर येऊन पुन्हा आदळते. कंबर धरते ती अशाच वेळी; पाठीचा कणा वाकवून झटका देण्यासारखी दुसरी घातक गोष्ट नाही. म्हणून आधी चावी बंद. जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉकही बंद. मग नुसतं उभं राहायचं. दम खाली येऊ द्यायचा, जमीन बघायची. गाडी पडलीच आहे, आता तिला घाई नाही.

पडलेली गाडी वाचता आली पाहिजे. डावीवर पडली असेल तर साइड स्टँड आणि गिअरचा खटका दोन्ही खाली दबलेले असतात, पण पुढच्या ब्रेकचा लिव्हर मोकळा वर असतो. तो रुमालाने किंवा रबराने आवळून बांधला की उचलताना चाक पळत नाही. बंद पडताना गाडी गिअरमध्येच राहिली असेल तर फारच बरं, न्यूट्रल करायच्या फंदात पडूच नये. उजवीवर पडली असेल तर नशीब म्हणायचं: गिअरचा खटका हाताशी आहे, पहिला टाकून ठेवावा; आणि साइड स्टँड आकाशाकडे तोंड करून आहे, तो आधीच उघडून ठेवावा. गाडी उभी होऊन पलीकडे झुकली की आपोआप त्याच्यावर विसावते. उतारावर चाकं वरच्या अंगाला आणि सीट खालच्या अंगाला अशी पडली असेल तर तशी उचलायला जाऊ नये. लेगगार्डच्या टेकूवर तिला घसटत फिरवावं, चाकं उताराकडे आणावीत. मग निम्मं काम उतारच करून देतो. सामान असेल तर ते सोडवून बाजूला ठेवायचं. लडाखमध्ये पाच हजार मीटरच्या आसपास बूट बांधतानाही धाप लागते. तिथे बॅगा सोडायचा कंटाळा करणारा माणूस पुढचा तासभर दगडावर बसून राहतो.

आता उचलणं. गाडीकडे पाठ करायची. मार्केट यार्डातला हमाल पोत्याला पाठ देतो तशीच. चाकाचं तोंड जमिनीकडे वळेल असं हॅण्डल शेवटपर्यंत वळवायचं. खालची मूठ टाकीजवळ येते. सीटच्या कडेला ढुंगण टेकवून खोल बैठक मारायची. एका हाताने ती मूठ धरायची, दुसऱ्याने मागचा ग्रॅब रेल किंवा फ्रेमचा भक्कम भाग. इंडिकेटर नाही, प्लास्टिकचं पॅनेल नाही. हात सरळ ठेवायचे, ते इथे फक्त दोर आहेत. छाती वर, नजर समोर. आणि मग टाचा जमिनीत रोवून, मांड्यांच्या बळावर, मागे मागे लहान लहान पावलं टाकायची.

यातलं गणित मला फार आवडतं. सपाट पडलेल्या गाडीला हलवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. ती जसजशी उभी होत जाते तसतसं तिचं वजन चाकांच्या रेषेकडे सरकतं आणि आपल्या वाट्याचा भार उतरत जातो. उभ्या रेषेपासून तीस अंशांवर आली की सपाट असतानाच्या निम्माच जोर पुरतो, आणि अगदी सरळ झाली की एका बोटानेही तोलता येते. बहुतेक माणसं हरतात ती पहिल्या वीतभर अंतरात, जिथे हात आणि कंबर अपुरे पडतात. तिथेच मांड्या कामाला लावायच्या, कारण शरीरातले सगळ्यात दणकट स्नायू तिथे आहेत. साडेतीनशे किलोंच्या वरची गोल्ड विंग लहान चणीच्या बायका याच रीतीने उभी करतात.

आपल्याकडे मात्र मुलगी बुलेट घ्यायला शोरूममध्ये गेली की पहिला प्रश्न येतो, ‘पडली तर उचलता येईल का?’ हा प्रश्न मला मनापासून लागतो. विचारणाऱ्यांतल्या किती पुरुषांना ती एकट्याने उचलता येते? कोणी शिकवलंच नाही तर यावी कशी? जपानमधल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मोठ्या गाडीच्या शिक्षणाची सुरुवातच आडवी गाडी उभी करण्यापासून होते. आपल्या परवान्याच्या परीक्षेत इंग्रजी आठ काढायला लावतात. पाय टेकला की नापास, आणि त्यापुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. त्या न शिकवलेल्या तेवढ्या भागापायी कितीतरी मुली, आणि मुलंही, जड गाडीच्या वाटेलाच जात नाहीत. जातात ती प्रत्येक खडीच्या वळणावर श्वास धरून. उचलता येतं हे एकदा अंगाला कळलं की चालवणं बदलतं. खांदे सैल होतात, आणि सैल खांद्यांनी गाडी पडतेही कमी.

साताऱ्याकडच्या एका मोकळ्या प्लॉटवर मी हे घडताना पाहिलं. शिकवणारे काका लष्करातून निवृत्त झालेले. १९५०च्या दशकात भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट निवडली आणि पुढे मद्रासला तिची जुळणी सुरू झाली; काका त्या परंपरेतले, बुलेटबद्दल घरच्या जनावराबद्दल बोलावं तसं बोलणारे. त्यांनी लेगगार्डखाली जुनं टायर टाकलं आणि गाडी अलगद डावीवर निजवली. शिकणारी मुलगी अंगाने किरकोळ, पायात कॉलेजचे कॅनव्हासचे बूट. पहिल्यांदा ती वाकून ओढायला गेली. गाडी नुसती कुरकुरली.

‘अगं, तिच्याकडं बघू नको. पाठ कर. बस खाली. अजून खाली. आता त्या चिंचेकडं बघ.’

ती बसली. उजव्या हातात मूठ, डाव्या हातात ग्रॅब रेल. टाच रुतली, बुटाची कड मातीत दुमडली, मानेवरची शीर फुगली. एक पाऊल. टायरवरून लेगगार्ड सुटला. दुसरं पाऊल, तिसरं, आणि मग पावलं भराभर पडायला लागली.

‘हळू! सरळ झाली की थांब, नाहीतर पलीकडं जाईल. तोल धर. आता वळ, आणि पायानं स्टँड काढ.’

तिने काढला. गाडी स्टँडवर बसली. ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून धापा टाकत राहिली, मग हसली आणि म्हणाली, ‘काका, परत पाडा. आता उजवीकडं.’

काकांनी टायर ओढून पलीकडे नेलं, गाडीला वळसा घालून तिला उजवीवर हळूच टेकवलं आणि विचारलं, ‘उचलायच्या आधी काय?’

‘पहिला गिअर,’ ती म्हणाली, ‘आणि स्टँड.’ आणि खटका दाबायला वाकली.