शेते तीन दिली, की शेते ती न दिली?

हा धागा नेहमीपेक्षा थोडा घरचा आहे. लढाया नाहीत, तहनामे नाहीत. एक मोडी कागद आहे, बेसिक नावाची एक जुनी संगणकभाषा आहे आणि माझी आजी आहे.

आमचे गाव नांदगाव खंडेश्वर, जिल्हा अमरावती. गावाला ज्याच्यामुळे नाव मिळाले त्या खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळात यादव राजा कृष्ण याच्या कारकिर्दीतला शिलालेख आहे. शके ११७७, म्हणजे इसवी सन १२५५ च्या सुमाराचा. लहानपणी त्यावर बोट फिरवताना मला एकच अडचण जाणवे: शब्द कुठे संपतो? ओळ सुरू होते आणि सलग पुढे जाते. पुढे कळले की यात विशेष काही नाही. रोमन लोकही पुष्कळ काळ असेच सलग लिहीत. लॅटिन पोथ्यांत शब्दांमध्ये नियमाने मोकळी जागा सोडण्याची चाल सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडच्या भिक्षूंनी रूढ केली, कारण लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती. परक्याला शब्द तोडून द्यावे लागतात. घरच्याला ते ऐकू येतात.

मोडीत तर तोडण्याला वावच नाही. लेखक आधी पानभर आडवी रेघ मारून घेतो आणि मग तिला अक्षरे लटकवीत, हात शक्यतो न उचलता, ओळ संपवतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नाही. ‘दिली’ आणि ‘दीली’ एकच.

आजीच्या ट्रंकेत असा एक कागद होता: १९३१ चे वाटणीपत्र, तिच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी केलेले. त्याला एक घरगुती दंतकथा चिकटलेली होती. आजीची आत्या बालविधवा होती, माहेरीच राहिली आणि भावांनी तिला काही दिले नाही. आजी हे कधी स्वतःहून बोलत नसे. कोणी बोलले तर उठून आत जाई.

एम. ए. ला मोडी शिकल्यावर मी तो कागद लिप्यंतरासाठी घेतला. बत्तीस ओळी, त्यात एकही मोकळी जागा नाही. शब्द तोडण्याचे काम यंत्राला द्यावे असे मला वाटले. बेसिक मला शाळेपासून येत होती. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी ती घडवली, ती गणित-विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक चालवता यावा म्हणून. इतिहासाच्या विद्यार्थिनीने ती वापरावी, हे त्यांच्या हेतूला धरूनच होते!

जुन्या बेसिकमध्ये वाक्याचे शब्द करून देणारी तयार आज्ञा नाही. ‘स्प्लिट’ हे फलन व्हिज्युअल बेसिकमध्ये १९९८ च्या सहाव्या आवृत्तीत आले. त्याआधी सगळे हाताने. ‘इन्स्ट्र’ने पहिली मोकळी जागा कितव्या स्थानी आहे ते विचारायचे, ‘लेफ्ट-डॉलर’ने तिच्या डावीकडचा तुकडा कापून घ्यायचा, ‘मिड-डॉलर’ने उरलेली ओळ पुढे ओढायची आणि उत्तर शून्य येईपर्यंत हेच करायचे. यात नवशिक्याचा शेवटचा शब्द हमखास हरवतो, कारण त्याच्यापुढे मोकळी जागा नसते. उपाय सोपा: सुरुवातीलाच ओळीच्या शेवटी एक जागा आपण होऊन जोडायची. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये एका ओळीत २५५ पेक्षा जास्त अक्षरे मावत नाहीत आणि देवनागरी तिला कळत नाही, म्हणून कागदाची एकेक ओळ मी रोमन अक्षरांत भरली.

पण इन्स्ट्रने शोधायचे काय? जागा तर नव्हतीच. मग शब्दसंग्रह द्यावा लागला. मोल्सवर्थच्या कोशातून (दुसरी आवृत्ती १८५७) कामाचे शब्द घेतले आणि लगेच अडले. कोशात ‘बहीण’ आहे, कागदात ‘बहिणीस’. मराठी शब्द कोशात असतो तसा वाक्यात क्वचितच येतो. आधी सामान्यरूप, मग प्रत्यय. ती रूपे हाताने भरण्यात दोन आठवडे गेले. ते सांगण्यासारखे नाहीत.

नियम मी असा ठेवला: डावीकडून पाहत जा आणि संग्रहात सापडेल तो सर्वांत लांब शब्द तोड. एकोणिसाव्या ओळीत ‘बहीणीसशेतेतीनदीली’ होते. यंत्राने पडद्यावर छापले: बहिणीस, शेते, तीन, दिली.

मी लगेच घरी फोन लावला. ‘आजी, तीन वावरं दिली होती आत्याला.’ पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही.

रात्री ती ओळ मी पुन्हा वाचली. ‘शेते ती न दिली.’ हेही तंतोतंत बसत होते. शेते नपुंसकलिंगी अनेकवचन, ती, दिली. व्याकरणात कुठेही खोट नाही. संग्रहात ‘ती’ होता, ‘न’ही होता. यंत्राने ‘तीन’ निवडला, कारण तो एका अक्षराने लांब होता आणि लांब तो खरा असे मीच त्याला सांगितले होते. एका माणसाला नव्वद वर्षांच्या दोषातून मी मोकळे केले होते, ते पुराव्यावर नव्हे, माझ्या सोयीच्या नियमावर.

मग कार्यक्रम बंद केला आणि भिंग घेऊन कागदच धरला. सव्विसाव्या ओळीपासून चतुःसीमा सुरू होतात. भावांच्या हिश्शांनंतर ‘बहिणीकडील चोळीबांगडीची शेते’ आणि पुढे मोडी आकड्यात ३. त्याखाली तिन्ही शेतांची पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. घडीवर शाई उडाल्यामुळे हा भाग मी यंत्रात भरलाच नव्हता.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आजीला दोन्ही वाचने समजावून दिली आणि चतुःसीमाही वाचून दाखवल्या. तिने तो आकडा बोटाने दाबून पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाली, ‘देले व्हते तं मंग गेले कुठी ते वावरं?’

आता त्या तीन शेतांचे जुने उतारे शोधते आहे.