तीन खणांचं दुकान

आमचे अण्णा नाशिकला कापड पेठेत एका शेठजींकडे मुनीम होते. दुकान तीन खणांचं. वाड्याच्या दोन सागवानी खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर, ओसरी, दुकान, सगळं याच मापात सांगायचे. दुकानात चोळीचे खणही मिळायचे, म्हणून लहानपणी मला वाटे की दुकानाचे खण त्या कापडावरूनच आले असणार. अण्णांनी एकदा माझा हात धरून खांबाला लावला. "हा एक, तो एक. मधला खण." लाकूड गार होतं आणि हाताला तेलकट लागलं, ते अजून आठवतं.

सकाळी दुकानाच्या फळ्या काढताना आम्ही बघत बसायचो. प्रत्येक फळीवर आकडा रंगवलेला, कारण क्रम चुकला की रात्री शेवटची फळी बसत नसे. आत पांढरीशुभ्र गादी, तिच्यावर लोड. चपला पायरीवर काढायच्या, अण्णा उंबऱ्याला हात लावून तो कपाळी नेणार, मग वर. जोतं चांगलं कंबरभर उंच होतं. पावसाळ्यात पेठेतला एखादा पोरगा गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीपर्यंत धावत जाऊन यायचा आणि पाणी मारुतीच्या कुठवर आलं ते सांगायचा. त्यावरून गठ्ठे माळ्यावर चढवायचे की नाही ते ठरे. १९६९च्या महापुराच्या वेळी मी सात वर्षांची होते. त्या दिवशी मारुतीची बातमी आणायला कुणी गेलंच नाही, पाणीच भेटायला आलं होतं.

जग आमच्या पेठेत आलं ते दिवाळीच्या बोनसमधून. सातपूरला मायकोचा कारखाना होता, जर्मनीतल्या बॉशचा. तिथे बोनस वाटला गेला की मेनरोडवर पाय ठेवायला जागा नसे. अण्णा म्हणायचे, "आपली दिवाळी मायकोच्या हातात." कंपनीचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं, पण तिच्या जुन्या नावाचा चौक नाशिककरांनी मायको सर्कलच ठेवला. मला त्याचं फार बरं वाटतं.

लग्न होऊन मी कॉलेज रोडला आले. १९२४ साली सुरू झालेल्या एचपीटी कॉलेजमुळे रस्त्याला हे नाव. तेव्हा दोन्ही बाजूंना बंगले, पेरूची झाडं, आमच्या अंगणात द्राक्षाचा वेल. संध्याकाळी सायकली जात, त्यांच्या घंटा माजघरात ऐकू येत. सासूबाई फाटकाशी उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करत. त्या रस्त्यावर काही विकायला बसावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

१९९१ नंतर हळूहळू आलं. आधी एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये झेरॉक्सचं दुकान, मग शेजारी आइस्क्रीम पार्लर. २००५ साली बांधकामातली परकीय गुंतवणूक सरकारने बऱ्याच अंशी मोकळी केली, तेव्हा सगळे म्हणाले, आता परदेशी पैसा येणार. आमच्या रस्त्यावर मी तरी तो पाहिला नाही. बिल्डर नाशिकचेच होते. मात्र परदेशातून माप आलं, आणि मला वाटतं, पैशापेक्षा मापानेच रस्ता जास्त बदलला. साखळी दुकानांची माणसं टेप घेऊन यायची. फ्रंटेज किती? स्लॅबची उंची किती? दोन खांबांत अंतर किती? विजेचा लोड, पार्किंग, मागच्या दाराने माल उतरवायची सोय? हे आकडे दूर कुठल्यातरी ऑफिसात ठरलेले असत, आणि गाळा त्यात बसला नाही तर ते पुढे जात. मग नवी इमारत त्याच आकड्यांवर उभी राहू लागली. पुढे उंटवाडीला सिटी सेंटर मॉल झाला, तेव्हा तर नाशिकला सरकत्या जिन्याचीही सवय झाली.

भाड्याचंही तसंच. पेठेत एकदा पगडी दिली की नाममात्र भाड्यात तीन पिढ्या निघत. शेठजींच्या वडिलांनी दिलेल्या पगडीवर नातू बसलेला. इथे मात्र लीव्ह अँड लायसन्स, लॉक-इन, ठरल्या मुदतीने भाडेवाढ, कुठे कुठे विक्रीतला हिस्साही. रॉटरडॅमला उतरलेल्या द्राक्षांना बरा भाव लागला की निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार कॉलेज रोडवर गाळे बघायला येत. वेल आमच्या अंगणातून गेला आणि गाळ्याच्या रूपाने परत आला, असं मी यजमानांना म्हटलं होतं. ते काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात आम्ही बंगला डेव्हलपमेंटला दिला.

पेरू तोडला तेव्हा मी माहेरी जाऊन राहिले. पण त्या पैशांत मुलांची शिक्षणं झाली, सासूबाईंचं आजारपण निभावलं, आणि आज वरच्या मजल्यावर आमचं घर उजेडाचं आहे. मनापासून सांगते, मला दोन्ही हवं होतं.

खाली बुटांचं शोरूम आलं. परदेशी नाव, पुढे सगळी काच. अण्णा तेव्हा ऐंशीच्या पुढचे. दसऱ्याला आमच्याकडे जेवायला आले होते. दुकानातल्या पोरांनी काचेच्या दाराला झेंडूचं तोरण बांधलं होतं, ते पाहून म्हणाले, "चल, आत जाऊन येऊ." दारात त्यांनी चपला काढल्या. पोरगा धावत आला, "आजोबा, घालूनच या ना!" त्यांनी मान हलवली. अनवाणी आत गेले, दोन्ही बाजूंचे खांब बघत शेवटपर्यंत चालले, बोटांवर मोजत.

"चार खण," ते म्हणाले. "आपल्यापेक्षा एक जास्त. पण खण केवढे मोठे गं."

निघताना ते दाराशी खाली वाकले. तिथे उंबरा नव्हता, सरळ फरशी रस्त्यापर्यंत गेलेली. हात क्षणभर शोधत राहिला, मग त्यांनी फरशीलाच तो लावला आणि कपाळी नेला. पोरगा त्यांच्या चपला हातात धरून उभा होता.